कचऱ्याचा पाठ : आदिलाबादच्या शाळेतील एक अनुभव



आपल्या नियतकालिकाच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांत दरवर्षी पर्यावरणावर एखादा तरी लेख असतोच. त्यात प्रदूषणाचे प्रकार सांगितलेले असतात, काही आकडे असतात आणि शेवटी ‘आपण सर्वांनी मिळून’ अशी हाक असते. असे लेख मीही लिहिले आहेत. प्रस्तुत लेख मात्र एका फसलेल्या पाठाविषयी आहे. तो पाठ मीच घेतला होता आणि तो का फसला हे मला माझ्या पुस्तकांनी नव्हे, तर एका अशिक्षित बाईने समजावून दिले. आपल्यापैकी पुष्कळजण पुढे अध्यापनाच्या व्यवसायात जाणार आहेत. म्हणून तो अनुभव येथे जसाच्या तसा मांडतो.

१. शाळा आणि परिसर

या महाविद्यालयात येण्यापूर्वी, २०१९-२० या शैक्षणिक वर्षात, मी माझ्या मूळ जिल्ह्यात एका मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत विद्या व्हॉलंटियर म्हणून शिकवीत होतो. कायम शिक्षकाच्या रिकाम्या जागी मानधनावर नेमलेल्या शिक्षकाला तेलंगणात तेव्हा हे नाव होते.

आदिलाबाद हा तेलंगणाच्या उत्तर टोकाचा जिल्हा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. आपल्या कन्नड बंधूंनाही हा भाग परका वाटू नये. बीदर, गुलबर्गा, रायचूर, सारा मराठवाडा आणि आदिलाबादसह तेलंगण हे सर्व एकाच हैदराबाद संस्थानात होते. १९५६ साली राज्यांची भाषावार फेररचना झाली आणि वाटण्या झाल्या. पण नकाशावर रेघ ओढल्याने माणसांच्या तोंडातली भाषा बदलत नाही. त्यामुळे बेला, जैनद या बाजूच्या गावांत आजही मराठी बोलली जाते. २०१६ साली जुन्या मोठ्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. हा प्रदेश कापसाचा आणि सागाच्या जंगलाचा. माझ्या सहावीच्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुले होती, तशीच गोंडी, कोलामी आणि तेलुगू बोलणारीही होती.

याच जुन्या जिल्ह्यात १९४३ साली मारलवाई या गावी मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथे गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार करण्यात आली. मुलाने घरून जे आणले आहे त्यापासून शिकवायला सुरुवात करावी, हे तत्त्व आमच्या जिल्ह्यात इतक्या लवकर वापरले गेले होते. मी ते परीक्षेत लिहिलेही होते. वर्गात मात्र विसरलो.

२. पहिला पाठ

जानेवारी २०२० चा पहिला आठवडा होता. ‘कचरा व त्याची विल्हेवाट’ हा पाठ मी मोठ्या तयारीने घेतला. टाचण व्यवस्थित होते. उद्देश, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन, मूल्यमापन, काहीही राहिले नव्हते. आदिलाबाद शहरातून पांढराशुभ्र थर्माकोल विकत आणून त्यावर मी रंगीत तक्ता केला होता: कमी वापरा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रण करा. कचरा कमी करण्याचा उपदेश आपण शेकडो वर्षे न कुजणाऱ्या वस्तूवर लिहिला आहे, हे माझ्या लक्षात आले नाही.

पाठाच्या शेवटी ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा जाहीर केली. दुसऱ्या दिवशी मुलांनी बाटल्यांच्या फुलदाण्या आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरे आणली. मला फार आनंद झाला. सहज विचारले, “इतक्या बाटल्या कोठे मिळाल्या रे?” एक मुलगी म्हणाली, “सर, विकत आणल्या. पेय ओतून दिलं.” काड्या तर दुकानातून नव्या पाकिटातल्या होत्या. चमकी, गोंद आणि रंगीत कागदही नवेच. एका आठवड्यात त्या फुलदाण्या शाळेच्या मागच्या ढिगावर गेल्या. कचरा कमी करण्याच्या पाठाने गावात कचऱ्याची भर घातली होती.

पण खरी चूक वेगळीच होती. पाठात मी एक प्रश्न विचारला होता, “आपल्या गावातला कचरा कोण उचलतो?” वर्ग एका सुरात म्हणाला, “कचरेवाली!” आणि सगळ्या माना एका मुलाकडे वळल्या. त्याची आई ग्रामपंचायतीत सफाईचे काम करीत होती. कोणीतरी हसले. मी “शांत बसा” एवढेच म्हणालो आणि फळ्याकडे वळून पुढचा मुद्दा लिहू लागलो. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी हजेरी घेताना त्याच्या नावापाशी माझा आवाज अडखळला.

३. एका आईचा प्रश्न

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याची आई अंगणात तुराट्या बांधीत होती. तिने पाणी दिले. मुलगा आत होता, तो बाहेर आला नाही. मी काहीतरी समजुतीचे बोलू लागलो, तेव्हा ती म्हणाली,

“सर, कचरा आमी नाही करत. आमी त उचलतो. ज्यानं केला त्याले काऊन कोनी कचरेवाला म्हनत नाही?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी परतताना पाठाचे टाचण डोळ्यांसमोर आले. त्यात कचरा कसा होतो हे होते, कोठे जातो हे होते, पण कोण करतो हे कोठेच नव्हते. कचरा जणू आकाशातून पडतो आणि तो नाहीसा करणे एवढेच माणसाचे काम, अशा रीतीने मी शिकविले होते. आपले बहुतेक धडे असेच असतात. पुनर्चक्रणाचे कौतुक करता करता ते वस्तू निर्माण करणाऱ्याला आणि फेकणाऱ्याला मोकळे सोडतात. सारा भार उचलणाऱ्यावर टाकतात आणि वर त्यालाच नाव ठेवतात.

मी तिला विनंती केली, “ताई, तुम्ही शाळेत येऊन मुलांना दाखवाल का, तुम्ही कचरा कसा निवडता ते?” ती हसली. “मी काय शिकवू सर, मले अक्षर येत नाही.” मी म्हणालो, “मला अक्षर येतं, पण हे येत नाही.” ती संक्रांतीनंतर येण्यास कबूल झाली. मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला. सर्व वर्गासमोर मी त्याची क्षमा मागितली. शिक्षकाने क्षमा मागावी याचे मुलांना नवल वाटले. पण त्यानंतर कोणी हसले नाही.

४. पाठ पुन्हा, पंचपदीप्रमाणे

शिक्षणशास्त्रात हर्बार्टची पंचपदी आपण सर्व शिकतो आणि जुनी झाली म्हणून बाजूला ठेवतो. दुसऱ्यांदा पाठ घेताना मला तिचाच उपयोग झाला.

(अ) पूर्वतयारी. गृहपाठ असा दिला: आजी-आजोबांना विचारा, तुमच्या लहानपणी घरातून काय काय फेकले जात होते? दुसऱ्या दिवशी मुलांनी जे सांगितले ते पाठ्यपुस्तकात नव्हते. फाटक्या लुगड्यांची गोधडी होत असे. (तिलाच उत्तर कर्नाटकात कौदी म्हणतात.) जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेत. फुटके पितळी भांडे मोडीत घालून नवे घेत. चुलीतल्या राखेने भांडी घासत. पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीत जात. शेण आणि उष्टे उकिरड्यावर जाऊन तेथून शेतात जाई. एक गोंड मुलगा म्हणाला, आमच्याकडे देवाची पितळी मूर्ती करायला ओझा लोक जुनेच पितळ वितळवतात. त्याचे खरे होते. आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात असलेल्या उशेगावचे ओझा कारागीर मेणाची आकृती घडवून तिच्यावर मातीचा लेप देतात. तापवल्यावर मेण निघून जाते आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ ओततात. या आदिलाबाद डोकरा कलेला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पुनर्चक्रण हा शब्द परका असेल. ते काम या मुलांच्या घराण्यात पूर्वापार चालत आले आहे.

(आ) विषय-प्रतिपादन. संक्रांतीनंतर आठवडाभर शाळेचा कचरा न जाळता आम्ही पोत्यांत साठविला. शनिवारी ती ताई आली. पटांगणात जुनी ताडपत्री अंथरली आणि तिने हातमोजे घालून कचरा निवडायला सुरुवात केली. मुले गोल करून बसली. पाच ढीग झाले: उष्टे व पालापाचोळा, कागद, भंगारात विकले जाणारे, कोणी न घेणारे आणि हात न लावण्याचे. शेवटच्या ढिगात फुटकी काच, जुने सेल, एक ब्लेड आणि औषधाची सुई निघाली. ती म्हणाली, “हे रोज असतं. दिसत नाही म्हनून हात कापते.” वर्गात एकदम शांतता झाली. तेव्हा ज्या मुलांनी दिवाळीत फुटलेला बल्ब तसाच कचऱ्यात टाकला होता, त्यांनी आपण होऊन ते सांगितले. काच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्यावी, हा नियम तेथेच ठरला.

मग प्रत्येक ढिगाविषयी मी माहिती सांगितली. काच आणि ॲल्युमिनियम पुन्हा पुन्हा वितळवता येतात. बॉक्साइटपासून नवे ॲल्युमिनियम काढण्यापेक्षा जुने वितळविण्यास सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. कागदाचे तंतू मात्र दरवेळी आखूड होत जातात. पाच-सात फेऱ्यांनंतर ते निकामी होतात. ओला किंवा तेलकट कागद तर पहिल्याच फेरीत बाद होतो. प्लॅस्टिकचा दर्जा प्रत्येक वेळी उतरतो. बाटलीची पुन्हा बाटली होईलच असे नाही. बहुधा तिचा धागा किंवा हलक्या प्रतीची वस्तू होते.

सर्वांत मोठा ढीग कोणी न घेणाऱ्या वस्तूंचा होता: कुरकुरीत खाऊची पाकिटे, पाण्याचे पाऊच आणि गुटख्याच्या पुड्या. खाऊच्या पाकिटात प्लॅस्टिकचे थर आणि धातूचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्यांना हात लावीत नाही. पुड्या पाहून एका मुलाने विचारले, “सर, आम्ही तर गुटखा खात नाही, मग शाळेत पुड्या कोणाच्या?” यावर मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर कोणी दिले नाही. पण पुढच्या आठवड्यात पुड्या कमी झाल्या, हेही नमूद केले पाहिजे.

(इ) तुलना. आजीचा उकिरडा आणि शाळेमागचा ढीग यांत फरक काय? मुलांनी दोन उत्तरे दिली. पहिले, उकिरड्यात जे जाई ते सर्व कुजणारे होते. दुसरे उत्तर ताईच्या कामावरून सुचले: तेव्हा वस्तू एकमेकांत मिसळत नव्हत्या. उष्टे वेगळे असले तर खत होते आणि कागद कोरडा असला तर रद्दी होते. दोन्ही एकत्र केले की खतही गेले आणि रद्दीही गेली. मिसळणे म्हणजेच कचरा करणे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा उगमाशीच वेगळा करण्यास सांगितले होते. मुलांनी तेच तत्त्व ताडपत्रीवर स्वतः शोधून काढले.

(ई) सामान्यीकरण. फळ्यावर मुलांच्याच शब्दांत चार वाक्ये लिहिली. वस्तू घेण्याआधी विचारा, ही लागतेच का? लागत असेल तर टिकणारी घ्या. मोडली तर दुरुस्त करा किंवा दुसऱ्याला द्या. शेवटी द्यायचीच असेल तर वेगळी करून, कोरडी करून द्या. ‘पुनर्चक्रण’ येथे चौथ्या क्रमांकावर आले. माझ्या थर्माकोलच्या तक्त्यावर ते सर्वांत ठळक अक्षरांत होते.

(उ) उपयोजन. प्रजासत्ताक दिनाला दरवर्षी खाऊसाठी थर्माकोलच्या ताटल्या येत. त्या वर्षी मुलांनी पळसाच्या पत्रावळी मागितल्या. गावातल्या दोन वृद्ध बायांनी त्या आनंदाने लावून दिल्या, मुलांनाही लावायला शिकविले. समारंभानंतर त्या गुरांपुढे आणि खड्ड्यात गेल्या. मागे काही उरले नाही. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे आणि सजावटीचा थर्माकोल अशा वस्तूंवर देशभर बंदी आली; आमच्या मुलांनी त्याआधी अडीच वर्षे हा निर्णय घेतला होता. जुन्या वह्यांतील कोरी पाने फाडून, दाभणाने शिवून गणिताच्या कच्च्या वह्या केल्या. पाण्याच्या पाऊचऐवजी प्रत्येकाने घरून पेला आणला.

५. खताचा खड्डा

मध्यान्ह भोजनाचे उष्टे आणि भाजीची देठे यांसाठी पटांगणाच्या कडेला दोन खड्डे घेतले. पद्धत साधी आहे आणि कोणत्याही शाळेला करता येते. तळाशी वाळक्या काड्यांचा थर, त्यावर ओला कचरा, त्याच्या दुपटी-तिपटीने वाळका पाला आणि वर शेणकाल्याचा व मातीचा हलका थर. असे थर चढवीत जावे. मूठभर मिश्रण दाबले असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये. दर पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करावा. हवा मिळाली नाही तर दुर्गंधी सुटते आणि मिथेन वायू तयार होतो; शहरांच्या कचरा डेपोंना लागणाऱ्या आगींत या वायूचा मोठा हात असतो. दोन-तीन महिन्यांत काळसर, मातीचा वास येणारे खत तयार होते.

आमची एक चूक सांगतो. पटांगणात सागाचा पाला भरपूर, म्हणून तोच अख्खा टाकला. सागाचे पान जाड व चिवट असते, ते लवकर कुजत नाही. महिनाभर खड्ड्यात पाने जशीच्या तशी. मग मुलांनी पाने चुरून टाकायला सुरुवात केली, तेव्हा काम सुरू झाले. कापसाच्या पऱ्हाट्यांविषयीही मुलांनी विचारले. बोंडअळीची कोषावस्था उरलेल्या बोंडांत व अवशेषांत टिकू शकते, म्हणून शेतकरी त्या जाळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बारीक तुकडे करून चांगल्या तापलेल्या ढिगात कुजवणे हा मार्ग आहे, पण त्यासाठी यंत्र लागते. ते खेडेगावाला एकट्याने परवडत नाही, हे मुलांपुढे प्रामाणिकपणे मान्य केले. सगळ्याच प्रश्नांना शाळेपाशी उत्तर नसते.

मार्च २०२० च्या मध्यास करोनामुळे शाळा बंद झाल्या. खत अर्धवट राहिले होते आणि मी आदिलाबादला अडकून पडलो. जूनमध्ये गावी जाऊन पाहतो तो खड्डा रिकामा आणि शाळेच्या कडुनिंबांच्या आळ्यांत काळी माती. ताईने आणि तिच्या मुलाने सारा उन्हाळा खड्डा हलविला होता. टाळेबंदीतही तिचे काम बंद नव्हते. सारे गाव घरात बसले असताना घरोघरचा कचरा तीच उचलीत होती. मुलगा मला म्हणाला, “सर, बारीक पानं केली, म्हणून झालं.” इतकेच.

६. हा विचार नवा नाही

शाळेत सफाई शिकविणे हा काही अलीकडचा शोध नव्हे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली. त्यात हाताच्या कामातून शिक्षण होते आणि सफाईला प्रतिष्ठा होती. वऱ्हाडात संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत. ज्या गाडग्यावरून त्यांना नाव मिळाले, त्यातच ते जेवीत. उपदेशाआधी खराटा, हा क्रम शिक्षकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. मी तो उलटा केला होता.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याची दिशा दिली. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या योजनेखाली शाळांत इको क्लब निघाले. कागदोपत्री कमतरता नाही. कमतरता आहे ती शाळेचा खरा कचरा उलगडून पाहण्याची.

हे मोठ्या प्रमाणावर घडू शकते याचे उदाहरण माझ्याच जिल्ह्यात आहे. तेलंगणात सप्टेंबर २०१९ मध्ये ‘पल्ले प्रगती’ कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामपंचायतींना कचरा नेण्यासाठी ट्रॅक्टर व वर्गीकरणासाठी शेड मिळाल्या. इच्चोडा मंडलातील मुखरा (के) या छोट्या गावाने, सरपंच गाडगे मीनाक्षी यांच्या कारकिर्दीत, घरोघरी वेगळा केलेल्या कचऱ्याचे गांडूळखत करून विकले आणि त्या उत्पन्नातून ग्रामपंचायतीसाठी सौर पॅनेल बसविले. ट्रॅक्टर इतर गावांनाही मिळाले होते. फरक पडला तो उंबरठ्याच्या आत, कचरा मिसळण्यापूर्वी.

महाविद्यालयांनी काय करावे याचे उत्तर पुण्याने दिले आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या स्त्रिया व मुलांना शिकविण्यासाठी गेल्या. त्या कामातूनच, डॉ. बाबा आढाव यांच्या साथीने, १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली. या स्त्रियांना ओळखपत्रे मिळाली. २००८ पासून त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत पुण्यात घरोघरचा कचरा गोळा होऊ लागला. शिकवायला गेलेल्यांना तेथेही आधी शिकावे लागले असणार, असे मी माझ्या अनुभवावरून समजतो.

७. शिक्षकांसाठी काही सूचना

पहिली: पाठाचे साहित्य विकत आणू नका. जुनी ताडपत्री आणि शाळेचा आठवड्याचा कचरा एवढे पुरे आहे.

दुसरी: ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा घ्यायचीच असेल तर बक्षीस सुंदर वस्तूला न देता, जी वस्तू वर्षाअखेर वापरात असेल तिला द्या. फाटलेले दप्तर नीट शिवणारा मुलगा फुलदाणी करणाऱ्याच्या पुढे आहे.

तिसरी: फुटकी काच, सुया, सेल, औषधे आणि वापरलेले सॅनिटरी पॅड मुलांच्या हातांनी निवडून घेऊ नका. इतर ढिगांसाठीही मोजे आणि नंतर साबण हवाच.

चौथी: शाळेत कचरा जाळू नका. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो, आणि जाळल्याने प्रश्न सुटला असा चुकीचा धडा मुलांना मिळतो.

पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची: झाडण्याची पाळी वर्गातील सर्वांना, मुलगे आणि मुली, कोणत्याही जातीचे असोत, सारखीच लावा आणि त्या यादीत शिक्षकाचेही नाव घाला. एखाद्या मुलाकडे खराटा आपोआप जात असेल आणि दुसऱ्याकडे कधीच जात नसेल, तर त्या शाळेत स्वच्छतेचा नव्हे, विषमतेचा पाठ चालला आहे.

८. समारोप

वर्षाच्या मूल्यमापनात मी सर्वांना एकच प्रश्न दिला होता: कचरेवाला कोण? उत्तरे निरनिराळी आली. कोणी दुकानदार लिहिले, कोणी कारखाना, कोणी सरकार. एका मुलीने लिहिले, “विकत आणलेली बाटली ओतून देणारी मी.” ही तीच फुलदाणीवाली मुलगी. मी तिला पूर्ण गुण दिले. पण दुकानदार आणि कारखाना लिहिणाऱ्यांचेही गुण कापले नाहीत, कारण तेही चुकलेले नव्हते. न कुजणारे आणि कोणी न घेणारे पाकीट बाजारात आणणाराही कचरा करणाराच आहे. सहावीच्या मुलीने सारी जबाबदारी एकटीने डोक्यावर घ्यावी असे मला मुळीच वाटत नाही.

असो. मित्रहो, पुढच्या महिन्यात आपले स्नेहसंमेलन आहे. जेवणावळ उठल्यावर मंडपाच्या मागे जरा चक्कर मारा. पेले, ताटल्या, उष्टे, सजावट, सर्व एकमेकांत मिसळून एक ढीग झालेला असेल आणि तो उचलायला सकाळी सहाला एक बाई येईल. तिचे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? या वर्षी तिला आधी विचारू या, काय वेगळे ठेवले तर तिचा हात कापणार नाही. आपल्या महाविद्यालयाचा कचऱ्याचा पाठ तेथून सुरू होऊ शकेल.